लुआंग प्रबांगला आठवडाभर: परदेशात निवांत राहून बघायचं असेल तर

परदेशातून परत आल्यावर आपल्याला पहिला प्रश्न येतो तो "काय काय बघितलं?" हाच. त्यामुळे सहलीची आखणीही या प्रश्नाला उत्तर देता येईल अशीच होते. आठ दिवसांत तीन देश, पहाटे उठून नाश्ता, बसमध्ये डुलक्या, खाली उतरून फोटो आणि पुन्हा बस. ज्यांना सुट्टी आणि पैसा यांचा मेळ क्वचितच जमतो, त्यांनी तसं फिरण्यात काहीच गैर नाही. पण परक्या गावात एकदा तरी नुसतं राहून बघावं, तिथली सकाळ कशी होते, संध्याकाळी लोक कुठे बसतात हे कळावं, असं ज्यांना वाटतं आणि सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकाच गावात मुक्काम टाकायचा आणि त्याच चार गोष्टी रोज करायच्या, हा माझा सगळा आग्रह आहे. बाकीचं त्याच्या सोयीसाठी.

गाव निवडलंय उत्तर लाओसमधलं लुआंग प्रबांग. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावर निमुळत्या टोकासारखा पसरलेला त्याचा जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालून होतो. 14व्या शतकात लान सांग राज्याची ही राजधानी होती. 1560च्या सुमारास राजा सेत्थाथिरातने राजधानी व्हिएन्तिएनला नेली, पण राजाचं गाव हा मान पुढे लुआंग प्रबांगकडे परत आला आणि 1975 साली राजेशाही संपेपर्यंत राहिला. 1995 मध्ये युनेस्कोने गाव जागतिक वारसा यादीत घेतलं. नव्या माणसाला इथून सुरुवात करणं सोपं जातं, कारण सगळं पायी आहे, दर दोन-तीन गल्ल्यांआड बुद्धमंदिर म्हणजे 'वाट' आहे, नदीकाठी बसायला जागा आहे आणि रात्री साडेअकरा वाजायच्या आत गाव झोपी जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथली माणसं निवांत असतात, त्यांना कसली घाई नसते, असं मनात धरून जाऊ नका. तुम्ही साखरझोपेत असता तेव्हा इथल्या बायका शेगडी पेटवून बसलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत किप हे लाओसचं चलन खूप घसरलं आणि महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं. निवांतपणा तुमच्याकडे आहे, कारण तुम्ही रजा घेऊन आला आहात. हे ध्यानात असलं की वागण्यात आपोआप अदब येते.

आधी मुक्काम ठरवा, मग बाकीचं

किमान सहा-सात रात्री एकट्या लुआंग प्रबांगला द्या. यादीतून राजधानी व्हिएन्तिएन काढा, वांग वियंग हे दुसरं पर्यटनाचं गाव काढा. जीवावर येईल, पण काढा. चार दिवस असतील तर चारही इथेच घालवा. आठवड्यात वेळ ठरवून करायच्या गोष्टी तीनच ठेवा आणि दोन ठरलेल्या गोष्टींमध्ये एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. हा मोकळा दिवस कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तो आधी भरला जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, नदीवरून धुकं हलत नाही. स्वेटर न्याच. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावर शेतीसाठी राब जाळतात, त्या धुराने हवा कोंदते. दम्याचा किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर हे दोन महिने टाळा. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नववर्ष, पी माय, येतं. मूर्तींना स्नान घालतात, रस्त्यावर पाणी उडवतात, मजा येते, पण निवांतपणा त्या आठवड्यात मिळणार नाही. पावसाळ्यात गर्दी कमी, डोंगर हिरवेगार आणि खोल्या स्वस्त. फक्त गावाजवळच्या क्वांग सी धबधब्याचं पाणी गढूळ असतं.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीयांना लाओसचा ई-व्हिसा मिळतो, आणि मोठ्या विमानतळांवर व मुख्य सीमानाक्यांवर पोचल्यावरही व्हिसा मिळतो. ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही, म्हणून तुम्ही ज्या वाटेने शिरणार ती जागा सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते अर्ज करण्याआधी बघा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, जवळ फोटो हवा आणि शुल्कासाठी डॉलरच्या कोऱ्या, न फाटलेल्या नोटा हव्यात. मुंबईहून जाताना बँकॉक किंवा हनोईला विमान बदलावं लागतं. थायलंडमधून रस्त्याने शिरणार असाल तर तिथले प्रवेशाचे नियमही त्या महिन्यात तपासा, ते बदलत राहतात.

एका रुपयाला साधारण 200 ते 250 किप मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी लाखांच्या नोटा हातात बघून गोंधळायला होतं. लहान दुकानांत आणि बाजारात रोखीनेच व्यवहार होतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे घरच्यांशी बोलायला अडचण नाही. फोनची एक वेळ ठरवून टाका, उरलेला दिवस तुमचा.

जमल्यास नदीने पोचा

विमानाने थेट लुआंग प्रबांगला उतरता येतं. पण दोन दिवस हाताशी असतील आणि पाठ साथ देत असेल, तर उत्तर थायलंडमधल्या चियांग खोंगहून मैत्री-पूल ओलांडून लाओसच्या हुआय सायला या आणि तिथून बोट घ्या. मेकाँगच्या प्रवाहासोबत दोन दिवस, मध्ये पाकबेंग गावात एक रात्र. मन शहरातून सुटायला जेवढा वेळ लागतो, तेवढा ही बोट बरोबर देते.

बोट लांबलचक आणि लाकडी, वर छप्पर, दोन्ही बाजू उघड्या. बसायला बहुतेक वेळा जुन्या मोटारींतून काढलेल्या सीटा ओळीने मांडलेल्या असतात. इंजिन मागे असतं आणि त्याची घरघर दिवसभर चालू राहते, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा. बऱ्याच बोटींवर मालकाचं कुटुंबच मागच्या भागात राहतं. तिथेच चूल, तिथेच वाळत घातलेले कपडे, तिथेच झोळीत पोर. मध्येच बोट एखाद्या रेतीच्या काठाला लागते. गाव दिसत नाही, नुसती वर जाणारी पायवाट दिसते. कुणी तांदळाचं पोतं घेऊन उतरतं, कुणी कोंबड्यांची टोपली घेऊन चढतं आणि बोट पुन्हा धारेला लागते. हिवाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर केलेली दिसते, भुईमूग, शेंगभाज्या, काटक्यांची कुंपणं. आपल्याकडे धरणाच्या पोटात अशी शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांची नजर तिथे हमखास अडकेल.

सोबत दशम्या, चिवडा, फळं आणि पाणी घ्या. बोटीवर मिळतं ते पाकिटबंद असतं. बसायला उशी, वाऱ्यासाठी जाकीट आणि हातात पुस्तक पुरे. पाकबेंगला उतरल्यावर चढावर खोल्या मिळतात. मोठ्या सणाचे दिवस सोडले तर आधी आरक्षण करायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी बोट बहुधा लुआंग प्रबांगच्या बाहेर काही किलोमीटरवरच्या धक्क्याला सोडते, तिथून सामायिक टुकटुकने गावात या. याच मार्गावर वेगवान मोटरबोटीही धावतात. खडकांतून सुसाट जातात, अपघात होतात, त्यांच्या नादी लागू नका. निघण्याआधी बोटी नीट चालू आहेत ना याची चौकशी मात्र करा, कारण लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला मेकाँगवर मोठ्या धरणाचं काम चालू आहे. नदीचा हा प्रवास पुढे असाच राहील असं मला वाटत नाही, म्हणूनही तो आत्ता करावा असं सांगतो.

खोली

आंतरजालावरून पहिल्या दोनच रात्रींची खोली घ्या. पोचल्यावर दिवसा चार गल्ल्या फिरा आणि कुटुंब चालवतं अशा गेस्टहाउसमध्ये आठवड्याचा भाव विचारा. जुन्या टोकावरच्या खोल्या महाग पडतात. नाम खानच्या पलीकडे गेलात तर स्वस्त आणि शांत. पावसाळ्यानंतर या नदीवर दर वर्षी नव्याने बांबूचा पूल बांधतात आणि पाणी वाढायच्या आधी काढतात. जाता-येता थोडका टोल द्यायचा, तो पुलाच्या देखभालीला जातो. खोलीत टीव्ही आहे का हे बघू नका, बाहेर बसायला ओसरी किंवा ओटा आहे का ते बघा.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी काहीच बघायला जाऊ नका. नदीकाठची एक चहा-कॉफीची टपरी शोधा आणि रोज तिथेच जायचं ठरवा. दक्षिणेच्या बोलावेन पठारावरची कडक कॉफी आणि तळाशी आटवलेलं गोड दूध. "साबायदी" म्हणून नमस्कार करायचा, निघताना "खोप चाय" म्हणायचं. तिसऱ्या दिवशी न सांगता तीच कॉफी समोर येते. गावात आपली एक जागा झाली, हे तेव्हा कळतं.

याच तिसऱ्या दिवशी बहुतेकांची चुळबुळ सुरू होते. आपण वेळ वाया घालवतोय, इतके पैसे खर्चून आलो आणि नुसते बसलोय, असं वाटायला लागतं. मोबाइलवर "जवळपास काय बघावं" शोधलं जातं. तेव्हा एकदम धबधब्याची टॅक्सी ठरवू नका. सकाळच्या बाजारात जा आणि एकाच माणसाचं काम शेवटपर्यंत बघा.

मी सांगेन की भात बघा. लाओ माणसाचं रोजचं जेवण म्हणजे चिकट भात, खाओ नियाव. तांदूळ रात्रभर भिजलेला असतो. पहाटे कोळशाच्या शेगडीवर निमुळत्या मानेचं भांडं चढतं, त्यात पाणी, आणि मानेत बसणारी बांबूची शंकूसारखी टोपली. तांदूळ पाण्याला लागत नाही, नुसत्या वाफेवर शिजतो. अर्ध्या तासाने बाई टोपली दोन्ही हातांत धरून असा हिसका देते की आतला अख्खा गोळा उलटा होतो, खालची बाजू वर. पुन्हा थोडी वाफ. मग भात लाकडी पाटावर ओतून उलथन्याने पसरते, वाफ उडून जाऊ देते, आणि कोमट असतानाच झाकणाच्या विणलेल्या डब्यात भरते. या डब्याला तिप खाओ म्हणतात. दुपारपर्यंत भात मऊ राहतो. खाताना बोटांनी चिमूटभर घ्यायचा, तळव्यात दाबून गोळी करायची आणि चटणीत बुडवायची. हाताने जेवणाऱ्या आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि ते बघून समोरचा खूश होतो.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा. भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी असेल असं नाही. नाम पा म्हणजे माशाचा रस आणि पाडेक म्हणजे आंबवलेल्या माशाचा दाट रस, हे दोन पदार्थ जवळजवळ सगळ्यात असतात, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. जेवो बोंग ही इथली प्रसिद्ध लालभडक चटणी, तिच्यात म्हशीचं वाळवलेलं कातडं असतं. "बो साय नाम पा, बो साय पाडेक" म्हणजे हे दोन्ही घालू नका, एवढं वाक्य पाठ करा, आणि लाओ लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. "किन जे" म्हटलं की कडक शाकाहारी असं समजतात.

काइपेन जरूर खा. मेकाँगमधलं शेवाळ धुऊन पापडासारखं पातळ पसरतात, वर तीळ, लसूण आणि टोमॅटोच्या चकत्या लावून उन्हात वाळवतात आणि तेलात तळतात. सोबत येणारी चटणी तेवढी विचारून घ्या. चिकट भात, काइपेन, भाजलेली वांग्याची चटणी आणि केळी यांवर दिवस छान निघतो. भारतीय हॉटेलंही आहेत, पण ती शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवा.

पहाटेची भिक्षा

सूर्योदयाच्या सुमारास भिक्षू अनवाणी, एका ओळीत भिक्षेला निघतात. पुढे वडीलधारे, शेवटी लहान मुलं. याला ताक बात म्हणतात. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका तिप खाओतून भाताची एकेक गोळी काढून प्रत्येक पात्रात टाकतात. कुणी काही बोलत नाही. ओळीच्या शेवटी कधी टोपल्या घेऊन गरीब मुलं बसलेली असतात आणि भिक्षू आपल्याच पात्रातला काही भात त्यांच्या टोपलीत टाकून पुढे जातात. मला या सगळ्यात तो क्षण सर्वांत मोलाचा वाटतो, आणि कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहणाऱ्यांना तो दिसत नाही.

मुख्य रस्त्यावर आता पर्यटकांची गर्दी होते. भिक्षूंच्या तोंडासमोर फोन धरले जातात, हे बघून वाईट वाटतं. तुम्ही आतल्या गल्लीत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, गप्प, आणि फ्लॅश बंद. त्यांच्या वाटेत यायचं नाही, स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही. रस्त्यावर पर्यटकांना विकला जाणारा भात घेऊन दान करू नका. मनापासून द्यायचंच असेल तर घरमालकिणीला विचारा, ती आपल्यासोबत बसवेल आणि घरचा भात देईल. पायात काही नको, आणि भिक्षूंपेक्षा खाली बसायचं. एक दिवस फोन खोलीतच ठेवून जा.

उरलेल्या दिवसांत काय करावं

धबधबा बघायचा तर क्वांग सी, गावापासून साधारण 30 किलोमीटर. पाण्यातल्या चुन्यामुळे निळसर दिसणारे टप्प्याटप्प्याचे डोह आहेत. सकाळी दार उघडताच पोचा, दहानंतर बसगाड्या येतात.

वाट शियेंग थोंग हे 1560च्या सुमाराचं मंदिर एकदा बघून संपवू नका. गर्भगृहाच्या मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचा वृक्ष आहे, तो सकाळी वेगळा आणि तिरक्या उन्हात वेगळा दिसतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अनेक मंदिरांत भिक्षू सामूहिक पठण करतात. मागे भिंतीशी बसायला कुणी अडवत नाही, फक्त पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. पाली भाषेतलं ते पठण ऐकताना "बुद्धं", "धम्मं", "संघं" हे शब्द ओळखू येतात. महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत वाढलेल्या वाचकाला तर सगळी वंदनाच ओळखीची वाटेल.

हाताने काही करायचं असेल तर मेकाँगकाठच्या ऑक पॉप टोक या विणकाम केंद्रात अर्ध्या दिवसापासून पुढे वर्ग असतात. नैसर्गिक रंगात सूत रंगवणं आणि मागावर बसणं असे दोन भाग. विणायला बसलात तर चार बोटं कापड व्हायला किती वेळ जातो ते कळतं, आणि मग रात्रीच्या बाजारात भावासाठी घासाघीस करताना हात आखडतो. गप्पा मारायच्या असतील तर बिग ब्रदर माउस या संस्थेत जा. ती मुलांसाठी लाओ भाषेत पुस्तकं काढते, आणि तिथे इंग्रजीचा सराव करायला तरुण मुलंमुली येतात. तुम्ही फक्त बोलायला बसायचं. आपलं इंग्रजीही शाळेत शिकलेलं, त्यामुळे त्यांच्या अडचणी आपल्याला जास्त कळतात. राजवाड्याच्या आवारातल्या नाट्यगृहात फ्रा लाक फ्रा लाम, म्हणजे लक्ष्मण आणि रामाची लाओ कथा, नृत्यातून सादर होते. प्रयोगाचे वार तिथेच विचारा.

मोकळ्या दिवशी मेकाँग ओलांडून चोम्फेटला जा. त्या काठावरची जुनी मंदिरं, मातीची वाट, झाडांची सावली आणि फारशी माणसं नाहीत. अलीकडे, जुन्या गावाच्या मध्यावरच्या फू सी टेकडीवर सूर्यास्ताला सगळं गाव लोटतं. 300हून जास्त पायऱ्या चढायच्याच असतील तर सकाळी चढा.

जपायचं काय

घरगुती गाळलेली लाओ-लाओ दारू किंवा फुकट मिळणारे पेले घेऊ नका. नोव्हेंबर 2024 मध्ये वांग वियंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. डासांपासून जपा, डेंग्यू आहे. मोठ्या दुखण्यासाठी इथल्या सोयी अपुऱ्या पडतात आणि रुग्णाला थायलंडला हलवावं लागतं, म्हणून प्रवास विमा नक्की काढा.

डोंगरात मळलेली पायवाट सोडू नका. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले कित्येक न फुटता आजही जमिनीत आहेत आणि शेत नांगरताना माणसं जखमी होतात. लुआंग प्रबांगमध्ये याची माहिती देणारं लहानसं केंद्र आहे. तिथे एक तास द्याच. ज्या गावात आपण विसावा घ्यायला येतो, त्याच्या आसपासच्या माणसांनी काय सोसलंय हे न जाणता परत जाणं मला बरं वाटत नाही.

निघताना

डिसेंबर 2021 पासून चीन-लाओस रेल्वे सुरू आहे. बसला पूर्वी अख्खा दिवस लागायचा, ते व्हिएन्तिएन आता दोन तासांच्या आत येतं. तिकिटं लवकर संपतात, तेव्हा दोन-तीन दिवस आधी काढा, मुक्कामाच्या ठिकाणी थोड्या कमिशनवर काढून देतात. स्टेशन गावाबाहेर आहे आणि सामानाची तपासणी कडक असते. चाकू, कात्री आणि फवारणीचे डबे काढून घेतात, त्यामुळे डिओ आणि डासांचा स्प्रे मागे ठेवून जा. किप लाओसबाहेर जवळजवळ कुठेच बदलून मिळत नाहीत. उरलेल्या नोटा आदल्या दिवशी बाजारातच खर्चून टाका. बोलावेनची कॉफी आणि काइपेनची पाकिटं वजनाला हलकी असतात आणि घरापर्यंत नीट पोचतात.